गोकाकचा गेंडा आणि आपल्या नद्यांच्या गाळातले नामशेष प्राणी

हिरण्यकेशी

चंदगडच्या डोंगरातून निघालेली घटप्रभा हिडकलच्या धरणातून पुढे जाते आणि गोकाकला कड्यावरून कोसळते. पावसाळ्यात हा धबधबा बघायला कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणीहून गाड्या भरून लोक जातात. याच गोकाकजवळ, चिकदौली गावाच्या परिसरात, ओढ्याकाठच्या गाळात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याचे जीवाश्म सापडले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत १८७४ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि ती वेगळी जात मानून तिला ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ असं नाव दिलं. १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार ओळखणारे फूट ते हेच.

आपल्या मुलांना सैबेरियाचा मॅमथ माहीत असतो, अमेरिकेतला सुळेदार दातांचा स्मायलोडॉन माहीत असतो. ते असायलाच हवं. पण कृष्णेच्या खोऱ्यात, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत जाणाऱ्या नदीकाठी गेंडा चरत होता, हे एकाही शाळेत सांगितलेलं मी ऐकलं नाही. आणि गेंडा एकटा नव्हता. लातूरकडे मांजरा नदीच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा आणि रानबैल यांची हाडं मिळाली आहेत. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळातून मोठ्या हत्तीचे अवशेष निघाले, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदले गेले. तो हत्ती म्हणजे पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस, सरळ सुळ्यांचा, आजच्या आपल्या हत्तीपेक्षा बराच थोराड.

पाणघोडा आज फक्त आफ्रिकेत उरला आहे. तो मराठवाड्यात होता याचा सरळ अर्थ असा की तिथे वर्षभर पाणी धरून ठेवणारे खोल डोह होते. एका प्राण्याच्या हाडावरून अख्ख्या नदीचा स्वभाव कळतो, म्हणून मला हा विषय मोलाचा वाटतो. ज्यांना यात रस आहे त्यांनी भर घालावी.

मंगळवारपेठ

ताई, लई भारी विषय काढलासा. गेंडा म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं काझीरंगाच. दोन शंका हायत. गोकाककडचा मुलूख एवढा कोरडा, तिथं गेंडा जगला कसा? आणि आपल्या हद्दीत, जोतिबाच्या डोंगरावर, पन्हाळ्यावर, राधानगरीच्या जंगलात असं काही का सापडत न्हाई?

हिरण्यकेशी

दुसऱ्या शंकेपासून सुरू करते, कारण पहिलीचं उत्तर त्यातून निघतं.

आपला काळा पाषाण हा लाव्ह्याचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांत हे थर एकावर एक साचले. तापलेल्या लाव्ह्यात हाड टिकत नाही. पन्हाळ्याला किंवा मसाईच्या पठारावर जो तांबडा जांभा दिसतो तो याच पाषाणाची झीज होऊन, मुसळधार पावसाने त्यातले विरघळणारे घटक वाहून जाऊन तयार झाला. चंदगडमध्ये कासारसड्याला बॉक्साइट मिळतं तेही याच क्रियेतून. अशी माती आम्लधर्मी असते, आणि हाडाचा मुख्य घटक कॅल्शियम फॉस्फेट आम्लात विरघळतो. राधानगरीच्या जंगलात आज गवा मेला तरी त्याची हाडं काही काळात संपून जातात. तिथे हजारो वर्षांपूर्वीचे प्राणी नव्हते असं नाही, त्यांची हाडं राहिली नाहीत.

घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. शिरोळ, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात जुन्या गाळाच्या थरांत चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, तयार होतात. पाणी वर ओढलं जातं, उडून जातं आणि चुना मागे राहतो. हा चुना वाळू-गोट्यांना सिमेंटसारखा धरून ठेवतो आणि हाडालाही सांभाळतो. म्हणजे जिथे प्राणी जास्त असतील तिथेच जीवाश्म जास्त मिळतात असं होत नाही. जिथे जमीन हाड जपते तिथे ते मिळतात. मग नकाशावर मोकळी दिसणारी जागा खरंच मोकळी होती की तिथला पुरावा विरघळला, हे आधी विचारावं लागतं.

आता गेंडा. त्याला उंच गवत आणि लोळायला पाणी लागतं, दाट पावसाळी जंगल नाही. प्लाइस्टोसीन काळात, म्हणजे साधारण २६ लाख ते ११,७०० वर्षांपूर्वी, हवामान अनेकदा पालटलं. नदीकाठी गवताळ पूरमैदानं असतील तर गोकाक गेंड्याला पुरेसं होतं. काझीरंगा हे आजच्या भारतीय गेंड्याच्या शेवटच्या काही आश्रयांपैकी एक आहे, मूळ साम्राज्य नव्हे. बाबराने आपल्या आठवणींत पेशावरकडे गेंड्याची शिकार केल्याचं लिहिलं आहे. ती तर सोळाव्या शतकातली गोष्ट.

पन्हाळ्याचा_वारा

सुंदर उत्तर. लाव्ह्यात हाड टिकत नाही हे खरं, पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, त्यांच्या तळाशी चिखल बसायचा आणि मग वरून पुन्हा लाव्हा यायचा. हे मधले थर फार मोलाचे आहेत.

तेलंगणात नासकल इथे अशाच थरातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी डायनासोरांच्या काळातला सस्तन प्राणी शोधला. १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये तो जाहीर झाला. भारतातला क्रिटेशस काळातला हा पहिलाच. नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी, नागपूर परिसराच्या भूशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन हिस्लोप यांच्यावरून. त्याचे दात एक-दोन मिलिमीटरचे. पोत्यांनी चिखल आणायचा, पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून गाळायचा आणि उरलेला कचरा सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा तपासायचा, तेव्हा एखादा दात हाती लागतो. पुढे त्याच्या घोट्याची हाडं मिळाली. त्यांच्या सांध्यांवरून तो झाडावर चढणारा असावा असं दिसतं.

आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. त्यात गवताचे सिलिकाकण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. गवत तोपर्यंत बरंच नंतरचं मानलं जायचं. त्याच सुमाराच्या थरांत भारतथेरियम नावाचा लहान सस्तन प्राणी मिळतो, आणि त्याचे दात उंच, झीज सोसणारे आहेत. खरखरीत चारा आधी आला असेल तर असे दात का वाढले याचा धागा लागतो.

गणितमास्तर

विषय उत्तम मांडलाय. पण मला एक गोष्ट नेहमी अडते. एक दात सापडतो आणि त्यावरून प्राणी, त्याचा आहार, हवामान सगळं सांगितलं जातं. हे पायरी पायरीने कसं ठरतं, कुणी समजावेल का? विश्वास नाही म्हणून नव्हे. वर्गात मुलांनी विचारलं तर मला नीट सांगता आलं पाहिजे.

हिरण्यकेशी

सर, यावर मी सविस्तर लिहिते, कारण सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग, जवळपास सगळा खनिजाचा. म्हणून सांगाडा संपला तरी दात उरतो. आणि सस्तन प्राण्यांचे दात मगरीसारखे एकाच साच्याचे नसतात. पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा असे वेगवेगळे, आणि दाढेची नक्षी गटागटाप्रमाणे ठरलेली. हत्तीच्या दाढेत एनॅमलच्या उभ्या पट्ट्या एकापुढे एक रचलेल्या असतात. स्टेगोडॉन या त्याच्या नामशेष नातेवाइकाच्या दाढेवर त्याऐवजी बुटके आडवे उंचवटे असतात. गाय-म्हशीच्या दाढेवर चंद्रकोरी दिसतात. घोड्याची दाढ चौकोनी, आत एनॅमलच्या बारीक घड्या. गेंड्याच्या वरच्या दाढेवर दोन आडव्या कडा आणि त्यांना बाहेरून जोडणारी तिसरी, गणितातल्या पायच्या चिन्हाशी मिळणारी. पाणघोड्याची झिजलेली दाढ मात्र बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची दिसते. एकदा पाहिली की विसरत नाही.

हा झाला ओळखीचा भाग. पुढचा भाग आहाराचा. गवतात सिलिका असते, शिवाय जमिनीलगत चरताना धूळ तोंडात जाते. त्याने दात झिजतो. जे प्राणी पिढ्यानपिढ्या गवतावर राहिले त्यांची दाढ उंच होत गेली. पाला खाणाऱ्यांची बुटकी राहिली. त्याखेरीज एनॅमलवर सूक्ष्म ओरखडे आणि खड्डे राहतात. गवतखाऊंत ओरखडे जास्त, कठीण फळं-बिया फोडणाऱ्यांत खड्डे जास्त. हे मात्र प्राण्याच्या अखेरच्या काळातलं खाणं सांगतात, सगळ्या आयुष्याचं नाही.

तिसरा भाग रसायनाचा, आणि तो मुलांना आपल्याच शिवारातून समजावता येईल. ऊस, ज्वारी, मका ही झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीने पकडतात, भात, गहू आणि बहुतेक झाडं-झुडपं दुसऱ्या पद्धतीने. त्यामुळे त्यांच्यात कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण वेगळं असतं. उसाचं वाडं खाऊन वाढलेल्या म्हशीच्या दातात ते प्रमाण उतरतं, आणि जंगलात पाला खाणाऱ्या भेकराच्या दातात वेगळं. लाखो वर्षं जुन्या एनॅमलमध्येही ते मोजता येतं. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत याच मोजणीतून आणि जुन्या मातीतल्या चुन्यावरून कळलं की सुमारे ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी उष्ण प्रदेशी गवतं झपाट्याने पसरली आणि पाला खाणारे कित्येक प्राणी मागे पडले.

चार वेगळ्या वाटांनी एकाच उत्तराकडे पोहोचलो तर ते उत्तर पक्कं मानायचं. वाटा फाटल्या तर थांबायचं.

आंबा_घाट

इंडोहायसची गोष्ट इथे यायलाच हवी. मला ती भारतीय जीवाश्मांच्या इतिहासातली सगळ्यात थोर गोष्ट वाटते.

ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोट इथून हाडं असलेले भरपूर दगड गोळा केले होते. त्यातल्या एका लहान खुरवाल्या प्राण्याला १९७१ मध्ये त्यांनी इंडोहायस नाव दिलं. बरेचसे दगड न फोडताच राहिले आणि रंगा राव गेले. त्यांच्या पत्नीने ते दगड जपले आणि पुढे अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. दगडातून कवटी मोकळी करताना कानाजवळचं हाड चुकून तुटलं, आणि तुटलेल्या काठावर दिसलं की त्या हाडाची आतली भिंत जाड आहे. ही जाडी तोवर फक्त देवमाशांत माहीत होती.

मग पायाची हाडं कापून पाहिली. त्यांची बाहेरची भिंत जाड, आतली पोकळी अरुंद. पाणघोड्यात असंच असतं, पाण्याच्या तळाशी चालायला वजन उपयोगी पडतं म्हणून. दातातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणानेही पाण्यात बराच वेळ काढल्याचं सांगितलं. २००७ च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा हा प्राणी देवमाशांचा जवळचा चुलत नातेवाईक ठरला. त्याआधी पाकिस्तानात पाकिसीटस आणि अँब्युलोसीटस, आणि आपल्या कच्छमध्ये कच्छिसीटस मिळाले होते, ते चालणारे देवमासेच. देवमाशांना भाऊबंद मिळाला तो मात्र कालाकोटच्या दगडात.

आमच्या आंबा घाटाच्या जंगलात पिसोरी (माउस डिअर) आहे. रात्री कधीतरी दिसते, सशाहून थोडी मोठी. आफ्रिकेतली तिची नातेवाईक धोका दिसला की ओढ्यात बुडी मारून तळाशी लपते. इंडोहायस असाच पाण्यात शिरायचा आणि तिथून पुढची वाट सुरू झाली, असा अंदाज थेविसन यांनी मांडला. पिसोरी देवमाशाची पूर्वज नव्हे, हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण समाजमाध्यमांवर असं काहीतरी फिरत असतं.

जुना_वाचक

दायमाबादचा ब्राँझचा गेंडा कुणी आणला नाही अजून. १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ अशा चार मोठ्या ब्राँझ वस्तू सापडल्या. म्हणजे ऐतिहासिक काळाच्या उंबरठ्यापर्यंत महाराष्ट्रात गेंडा होता, असं म्हणता येईल ना? आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे असं हाड निघालं होतं का?

हिरण्यकेशी

काका, दायमाबादचा गेंडा घडवणाऱ्याला गेंडा ठाऊक होता, इतकंच त्यावरून निश्चित म्हणता येतं. तो प्रवरेकाठी चरणारा होता की उत्तरेकडच्या सिंधू संस्कृतीतून आलेली परंपरा, हे मूर्तीवरून ठरत नाही. ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडनचा पुतळा टाउन हॉलच्या संग्रहालयात आपण पाहतो, त्यावरून व्यापार कळतो, पंचगंगेत ग्रीक देव होता असं कुणी म्हणत नाही. ब्रह्मपुरी ही वस्ती जेमतेम दोन हजार वर्षांमागची, त्यामुळे या विषयासाठी ती फार अलीकडची आहे.

हाडाचा पुरावा हवा तर गुजरातचं लांघणज घ्या. डॉ. हसमुख सांकलिया यांच्या उत्खननात तिथे मध्याश्मयुगीन माणसांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्यावर ठोकल्याच्या खुणा आहेत, दगडी हत्यारं घडवताना ते खाली ठेवत असावेत. आज तिथे गेंड्याला लागेल असं पाणी आणि गवत उरलेलं नाही. आणि जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या थरात नक्षी कोरलेलं शहामृगाच्या अंड्याचं कवच मिळालं आहे. शहामृग सस्तन नाही, पण खानदेशात मोकळी माळरानं होती याला तो साक्षीदार आहे.

मंगळवारपेठ

मग हे सगळे गेले कुठं? माणसानं मारून संपवले, का हवा बदलली?

हिरण्यकेशी

यावर जगभर वाद आहे, आणि मला वाटतं भारताचं उदाहरण त्यात नीट मांडलं जात नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस मोठे सस्तन प्राणी बहुसंख्येने संपले. मॅमथ, मॅस्टोडॉन, महाकाय स्लॉथ, स्मायलोडॉन, सगळे. आपल्याकडे तसं झालं नाही. अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उपखंडातल्या नोंदी एकत्र करून दाखवलं की गेल्या सुमारे ३०,००० वर्षांत सरळ सुळ्यांचा हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक रानटी घोडा असे मोजकेच मोठे प्राणी संपले. प्रमाणात आपलं नुकसान आफ्रिकेसारखं कमी आहे. आंध्रातल्या कर्नूलजवळच्या बिल्ला सुरगम गुहांतही हेच दिसतं. याच फूट यांनी १८८० च्या दशकात त्या खणल्या होत्या. तिथल्या नव्या अभ्यासात गेल्या दोन लाख वर्षांतले जवळपास सगळे प्राणी आजही उपखंडात कुठे ना कुठे आहेत असं आढळलं.

एक स्पष्टीकरण असं की भारतात प्राणी आणि माणसाचे पूर्वज फार आधीपासून शेजारी होते, त्यामुळे प्राणी सावध राहायला शिकले. अमेरिकेत शिकारी माणूस अचानक पोहोचला. मला हे पटतं, पण अर्धंच. पाणघोडा एवढ्या सावध शेजाऱ्यांत का टिकला नाही? तो वर्षभराच्या पाण्यावर पूर्ण अवलंबून, म्हणून पावसाळा कमकुवत झाल्यावर डोह आटले की त्याला जायला जागा नसणार. वर माणसाचा दाब. दोन्ही मिळून.

आणि टिकलेले आता जातायत, हे बोलायला हवं. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्तेखाना होता, चित्तेवान होते. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. हिमयुगातून तरलेला प्राणी आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत गेला.

अकरावी_सायन्स

मॅमथचा डीएनए काढलाय असं वाचलं. गोकाकच्या गेंड्याचा काढता येईल का?

पन्हाळ्याचा_वारा

फार अवघड. सैबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतून दहा लाख वर्षांहून जुन्या मॅमथच्या दातांतला डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला, कारण तिथे कायम थंडी. आपल्याकडच्या उष्णतेत आणि ओल-सुकीच्या चक्रात डीएनए लवकर तुटतो. हाडातलं कोलॅजेन हे प्रथिनही बहुधा उरत नाही, त्यामुळे कार्बनवरून वय काढणंही अडतं. एनॅमलमधली प्रथिनं जास्त टिकतात, तिकडे आशा आहे.

कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातला. गावाशेजारी वीटभट्टीसाठी पोयटा काढतात, तिथल्या खाणीतनं गड्यानं दोन दाढा आणून दिल्यात. जड हायत, दगडागत वाजतात. वर चंद्रकोरीसारख्या रेघा. गेंडा असंल का? २०१९ च्या पुरात तिथली दरड ढासळली होती, तवापासनं थर उघडे पडलेत. वरनं दोन पुरुष खोल, पांढऱ्या खड्यांच्या थरात मिळाल्या म्हणतोय. त्याच्या खाली गोटे लागतात.

हिरण्यकेशी

दादा, चंद्रकोरी असतील तर गेंडा नाही. गाय-म्हैस-रानबैल यांच्या गटातलं काहीतरी. नेमकी जात फक्त दाढांवरून ठरवणं जाणकारालाही कठीण जातं. पण तुम्ही लिहिलेली दुसरी गोष्ट दाढांइतकीच महत्त्वाची आहे. वरच्या पोयट्यात मिळाल्या असत्या तर बहुधा अलीकडचं जनावर म्हटलं असतं. कंकराच्या थरातल्या आणि जड झालेल्या, म्हणजे त्या जुन्या असू शकतात. गड्याला घेऊन जा आणि नेमकी जागा दाखवायला सांगा, आठवणीवर सोडू नका.

दाढा धुऊ नका, तेल किंवा वॉर्निश लावू नका. चिकटलेली माती तशीच राहू द्या, वय काढायला तीच लागते. कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल धरते. दरडीत आणखी काही दिसत असेल तर ओढून काढू नका. भट्टीमालकांना भेटून तेवढा कोपरा काही दिवस सोडता येईल का विचारा, त्यांचं काम बंद पाडायचं नाही हे आधी सांगा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास होतो, त्यांना पत्र लिहू. मजकूर मी तयार करते.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. आधी अख्ख्या दरडीचा, मग थराचा जवळून, आणि दाढांचे शेवटी. चावायची बाजू, दोन्ही कडा आणि मुळं, असे वेगवेगळे.

कृष्णाकाठ

गड्याला उद्या सकाळी बोलावलंय. फोटो संध्याकाळपर्यंत इथंच टाकतो.